क्लास तोच, पण दार कुठे आहे? डीजीसीएला खुले पत्र

मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली

आणि भारतातून लांब पल्ल्याची विमानं उडवणाऱ्या कंपन्यांत कोणत्या विमानात कोणती सीट बसवायची हे ठरवणारे सर्व अधिकारी,

स. न. वि. वि.

हे पत्र बिझनेस क्लासच्या सीटला असलेल्या सरकत्या दारांबद्दल आहे. एवढं वाचूनच निम्म्या वाचकांच्या कपाळाला आठी पडली असेल, आणि ती रास्त आहे. मी डोंबिवलीची. लोकलच्या दारात एका पायावर उभं राहून कामावर जाणं काय असतं ते मला कोणी समजावून सांगायला नको. तरीही लिहिते आहे, कारण मुद्दा चैनीचा नाही. एक वस्तू दाखवून पैसे घ्यायचे, दुसरीच हातात ठेवायची, आणि वर 'नियमात बसतं' म्हणायचं, असा हा व्यवहार आहे. तो आज महागड्या सीटवर चालतोय म्हणून उद्या स्वस्त सीटवर चालणार नाही असं मुळीच नाही.

माझी नोकरी विमा कंपनीच्या क्लेम्स विभागात झाली. बारीक अक्षरातल्या अटी वाचणं हेच काम. निवृत्तीनंतर ते सुटलं असं वाटलं होतं, पण लेक बोस्टनला, नातू तिथलाच, म्हणून विमानाची तिकिटं नशिबी आली. माझ्या यजमानांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. रात्री सीपॅप मशीन लावल्याशिवाय त्यांना झोपता येत नाही: नाकावर मास्क, डोक्याभोवती पट्टे, छातीवरून गेलेली नळी. शिवाय मधुमेह, म्हणजे जेवणाआधी पोटावर इन्सुलिन. एक गुडघा बदललेला. घरात याचं कोणाला काही वाटत नाही. पण ते निवृत्त मुख्याध्यापक. अजूनही दूधवाल्यासमोर पायजम्यावर जात नाहीत. चारचौघांत शर्ट वर करून सुई टोचायची आणि मग तोंडाला मुसकी बांधल्यासारखं मशीन लावून आडवं व्हायचं, हे त्यांच्याकडून होत नाही. होणारही नाही.

लेकीने हे जाणूनच तिकीट काढलं. कोणत्या कंपनीच्या कोणत्या विमानात दाराची सीट आहे ते शोधलं. युरोपात विमान बदलावं लागलं तरी चालेल म्हणाली. त्याच तारखेला दार नसलेलं दुसरं तिकीट बरंच स्वस्त मिळत होतं, ते तिने सोडलं. मधल्या जोडीतल्या दोन सीटा निवडल्या, म्हणजे आमच्यातला पडदा खाली करता येईल आणि बाहेरचं दार लावता येईल.

निघायला थोडे दिवस राहिले असताना जावयाने सहज ॲप उघडलं, तर सीटचे नंबर बदललेले. मेल नाही, मेसेज नाही. विमान बदललं होतं. बदली विमानात दोन-दोनच्या जोड्या, दार नाहीच, आणि आम्ही दोघं वेगवेगळ्या रांगांत. लेकीने फोन लावला. पलीकडची मुलगी बोलायला गोड होती. "मॅडम, ऑपरेशनल रीझन्समुळे एअरक्राफ्ट चेंज झालंय. पण तुमचा क्लास तोच आहे." लेकीने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. क्लास तोच आहे.

त्या रात्री यजमानांनी मशीन बॅगेतून काढलंच नाही. शेजारी एक तरुण मुलगा होता, सभ्य होता. इन्सुलिनच्या वेळी त्याने आपणहून मान खिडकीकडे वळवली. तेवढंच ह्यांना पुरलं. रात्रभर सीट सरळ ठेवून ते बसून राहिले. डोळा लागला की घशात श्वास अडकून दचकायचे. मी मागच्या रांगेतून ते पांढरं डोकं खाली जाताना आणि झटक्यात वर येताना बघत होते. सपाट होणारी गादी खाली, तिचे पैसे भरलेले, आणि माणूस बसून.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ही एका कंपनीची खोड असती तर पत्र तिलाच लिहिलं असतं.

आता दाराची किंमत कोणी ठरवली ते बघू. मी नाही ठरवली. एमिरेट्सने 2003 मध्ये ए340-500 विमानाच्या फर्स्ट क्लासला बंद होणारी दारं आणली. आपल्या मुंबईच्या जेट एअरवेजने 2007 मध्ये बोइंग 777 च्या फर्स्ट क्लासमध्ये सरकत्या दारांच्या केबिन दिल्या होत्या. कंपनी 2019 मध्ये बंद पडली, नाहीतर आज तिचीच उदाहरणं दिली असती. तोवर दार म्हणजे फर्स्ट क्लास. 2017 मध्ये कतार एअरवेजने क्यूस्वीट नावाची सीट आणून तेच दार बिझनेस क्लासला लावलं, त्याच वर्षी डेल्टानेही लावलं. 2019 मध्ये ब्रिटिश एअरवेज आणि जपानची एएनए. मग रांगच लागली. जानेवारी 2024 मध्ये एअर इंडियाचं ए350 सेवेत आलं, त्यात बिझनेसच्या 28 सीटा, 1-2-1 अशा (खिडक्यांकडे एकेक, मध्ये जोडी) मांडलेल्या, प्रत्येकीला दार. युनायटेडने 2016 मध्ये बिनदाराची पोलारिस सीट मोठ्या गाजावाजाने आणली होती; 2025 मध्ये त्यांनीही नव्या विमानांतल्या बिझनेस सीटांना दार देण्याचं जाहीर केलं आणि त्यातल्या काही मोठ्या सीटांना स्टुडिओ असं वेगळं नाव दिलं. हे सगळे जाहिरातीत काय दाखवतात? जेवण नंतर, गादी नंतर. आधी ते दार सरकताना दाखवतात. तेव्हा 'दार ही किरकोळ बाब आहे' असं कंपनीने तक्रार आल्यावर म्हणू नये.

किरकोळ ते नाहीच. नोव्हेंबर 2022 मध्ये न्यूयॉर्क-दिल्ली विमानाच्या बिझनेस क्लासमध्ये सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंच्या अंगावर सहप्रवाशाने लघवी केल्याची तक्रार झाली, ती आपल्या कार्यालयाला चांगलीच आठवत असेल. जानेवारी 2023 मध्ये आपणच एअर इंडियाला 30 लाखांचा दंड केला आणि वैमानिकाचा परवाना 3 महिने निलंबित केला. दार असतं तर ते घडलंच नसतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. खांद्याएवढ्या उंचीचं सरकतं पान ते, बंदोबस्त नव्हे. पण अंधारलेल्या केबिनमध्ये अनोळखी पुरुषाच्या हाताच्या अंतरावर झोपणं एखाद्या बाईला काय वाटतं, हे जाग्या बाईला विचारा. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून, पर्स पोटाशी धरून ती झोपते. ब्रिटिश एअरवेजने 2000 मध्ये सपाट होणारी सीट आणली, फार कौतुक झालं. तिची मांडणी अशी की एकाचं तोंड पुढे, शेजाऱ्याचं मागे. मधला पडदा वर होईपर्यंत परक्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून उड्डाण करायचं. असल्या रचना पुरुषांनी पुरुषांसाठी केल्या असणार, असा माझा दाट संशय आहे.

कंपन्यांची अडचण मला कळत नाही असं नाही. अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए, तिच्या नियमानुसार प्रवाशाची सीट आणि आपत्कालीन दरवाजा यांच्या वाटेत दार बसवायला मुळात मनाई आहे. म्हणून दाराच्या सीटला खास सवलत मागावी लागते, आणि अटी पाळाव्या लागतात: विमान धावताना, उडताना, उतरताना दार उघडं अडकवलेलं हवं, दार बिघडून बंद राहिलंच तर प्रवाशाला बाहेर पडता यायला हवं. मंजुरीत वेळ जातो. 2025 मध्ये जर्मनीच्या लुफ्तान्साने नव्या सीटांची बोइंग 787-9 विमानं उडवायला घेतली, तेव्हा प्रमाणपत्राअभावी बिझनेसच्या बहुतेक सीटा रिकाम्या ठेवाव्या लागल्या. नव्या सीटा जडही असतात. स्विस या विमान कंपनीला ए330 विमानात त्यामुळे पुढचा भाग जड होतो म्हणून मागे शिशाचं वजन टाकायचं ठरवावं लागलं. एअर इंडियाने डिसेंबर 2022 मध्ये 40 कोटी डॉलर्सचा केबिन-बदलाचा कार्यक्रम जाहीर केला, आणि पहिलं जुनं 787-8 त्यासाठी कॅलिफोर्नियाला गेलं जुलै 2025 मध्ये. सीटाच वेळेवर मिळत नव्हत्या.

सगळं मान्य. पण याचा अर्थ एवढाच की एकाच कंपनीत, एकाच क्लासच्या नावाखाली, दाराच्या आणि बिनदाराच्या सीटा पुढची कित्येक वर्षं शेजारी शेजारी उडणार आहेत. एअर इंडियाच्या मूळ 787-8 मध्ये बिझनेसच्या 18 सीटा, 2-2-2 मांडणीच्या. ए350 मधल्या मी वर सांगितल्या. दोन्ही तिकिटांवर छापलेला शब्द एकच. बाकीच्या मोठ्या कंपन्यांची गतही वेगळी नाही. म्हणजे विमान बदललं की माल बदलतो, लेबल बदलत नाही. आणि नियम बघतो फक्त लेबल.

कोणता नियम, तेही सांगते. तिकिटापेक्षा खालच्या क्लासमध्ये बसवलं तर परतावा द्यायचा, असा बदल आपणच केलात. तो 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या 75 टक्के. आंतरराष्ट्रीय प्रवासात 1500 किलोमीटरपर्यंत 30 टक्के, 3500 पर्यंत 50, त्यापुढे 75. युरोपच्या 2004 च्या नियमातही हेच तीन आकडे आहेत. चांगला नियम आहे. क्लेम्सच्या टेबलावर असा स्वच्छ तक्ता मिळाला की आम्ही देवाला नारळ फोडत असू. पण हा तक्ता चालू होतो क्लास बदलला तरच. दाराची सीट काढून घेऊन जुनी, अरुंद, शेजाऱ्याला ओलांडून जावं लागणारी सीट दिली, तर परतावा शून्य. मंगल कार्यालयात एसी हॉलचे पैसे घ्यायचे, लग्नाच्या दिवशी पंख्याच्या हॉलमध्ये पंगत वाढायची आणि म्हणायचं, कार्यालय तर तेच आहे ना!

कंपन्यांच्या अटींत एक वाक्य हमखास सापडतं: विशिष्ट सीटची किंवा विशिष्ट विमानाची हमी नाही. हे वाक्य सुरक्षिततेसाठी, अचानक बिघाडासाठी असेल तर माझी हरकत नाही. बिघडलेल्या विमानातून मला जायचं नाहीच. पण महिनाभर आधी वेळापत्रकात विमान बदलतानाही तेच वाक्य पुढे करायचं? ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये अनुचित कराराची व्याख्या दिली आहे. एकाच बाजूला सगळे हक्क आणि दुसरीला फक्त पैसे भरण्याचं कर्तव्य, अशी कलमं त्यात कुठे बसतात ते आपल्या विधी विभागाने एकदा तपासून बघावं. आमच्या विमा कंपनीला असलं कलम ग्राहक मंचात एक दिवस टिकवता आलं नसतं.

सरकारचा वाटा मात्र चोख. 22 सप्टेंबर 2025 पासून इकॉनॉमी सोडून बाकीच्या विमान तिकिटांवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला. कर लावताना बिझनेस क्लास ही वेगळी, श्रीमंत वस्तू; हक्काचं विचारलं की 'प्रीमियमवाल्यांच्या तक्रारी'. दोन्ही एकदम कसं चालेल?

परतीच्या प्रवासात दाराचं विमान मिळालं, त्याबद्दलही लिहायलाच हवं. ह्यांचं दार चाललं. विमान वर गेल्यावर केबिन क्रूमधल्या बाईंनी कडी सोडवून दाखवली, गुडघ्याच्या उंचीवर एक दाबायची खाच, ती दाबून पान ओढायचं. ह्यांनी ते लावलं, आणि थोड्या वेळाने आतून मशीनचा ओळखीचा सूं सूं आवाज येऊ लागला. माझं दार मात्र उघड्या स्थितीत कुलूपबंद. बिघडलंय, मेंटेनन्सला कळवलंय, इतकंच उत्तर. जाताना ज्याचे पैसे घेतले तेच परतीत अर्धं मिळालं, आणि नोंद कुठेच नाही. ती खाच, जाता जाता सांगते, बसल्या बसल्या संधिवाताच्या बोटांनी दाबता येत नाही. आणि दारासाठी जागा काढताना सगळी काटकसर पायांकडे केलेली. पाय पुढच्या माणसाच्या टेबलाखालच्या बोगद्यात घालायचे, कुशीवर वळलं की गुडघा भिंतीला. बदललेला गुडघा असा दुमडत नाही हो. दार आणि पायांची जागा यांत एकच मिळणार असेल तर मी पायांची जागा मागेन, आणि माझे यजमान दार मागतील. निवड आमची असू द्या. आज ती जाहिरातीसाठी फोटो काढणारा करतो आहे असं दिसतं.

तेव्हा आमच्या मागण्या.

तिकीट विकतानाच, पैसे भरायच्या आधीच्या पानावर, सीटचा प्रकार लिहा: दार आहे की नाही, मांडणी 1-2-1 की 2-2-2, झोपल्यावर लांबी किती, पायाकडची रुंदी किती. 'फोटो केवळ माहितीसाठी' हे चालणार नाही. रेफ्रिजरेटर घेताना लिटर लिहिलेले असतात, लाखोंच्या सीटला इंच लिहायला काय हरकत आहे?

सीटचा प्रकार बदलला तर प्रवाशाला त्याच दिवशी कळवा. ॲपमध्ये गुपचूप नंबर बदलणं म्हणजे कळवणं नव्हे. आणि बदल मान्य नसेल तर दंड न घेता दुसऱ्या विमानात बदली किंवा पूर्ण पैसे परत, हे प्रवाशाने निवडायचं.

2023 च्या आपल्या तक्त्यात एक रकाना वाढवा: क्लास तोच, पण विकलेल्या सीटपेक्षा खालची सीट. टक्केवारी आपण ठरवा, माझा आग्रह 75 चा नाही. पण शून्य नको. यातच इकॉनॉमीही येऊ द्या. जास्त पायजागेचे, खिडकीचे, पुढच्या रांगेचे पैसे भरलेल्या माणसाला विमान बदलल्यावर मधल्या सीटवर बसवतात आणि त्याचे जादाचे पैसे मागितल्याशिवाय परत येत नाहीत. अमेरिकेच्या परिवहन खात्याने एप्रिल 2024 मध्ये नियम केला की पैसे घेऊन न दिलेली सीट-निवडीसारखी सेवा परताव्याला पात्र आहे. आपणही त्याच महिन्यात 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला पालकाशेजारी सीट द्यायला कंपन्यांना सांगितलंत. म्हणजे कोणी कुठे बसावं यात लक्ष घालायचा अधिकार आपल्याला आहे आणि तो आपण वापरताही.

वैद्यकीय उपकरण वापरणारे, स्टोमा पिशवी (ऑपरेशननंतर पोटावर लावलेली मल-मूत्राची पिशवी) असलेले, अंगावर पाजणाऱ्या आया, अशांनी बुकिंगच्या वेळी नोंद केली असेल तर विमान बदलल्यावर उरलेल्या आडोशाच्या जागांवर पहिला हक्क त्यांचा असावा. सोबतीच्या माणसाला त्यांच्यापासून तोडू नये. आज अशा बदलात सीटा यंत्र वाटतं, आणि त्यात पहिला नंबर लागतो तो वारंवार उडणाऱ्या कार्डधारकांचा.

दार बिघडलेलं असेल तर तसं विमानात लेखी द्या. क्रमांक, तारीख, सही. तक्रारीला कागद लागतो.

सीट आखणाऱ्यांना वेगळं एकच सांगणं आहे: पुढची कडी आखाल तेव्हा सत्तरीतल्या चार माणसांना बोलवा, अंधारात, बसल्या जागेवरून ती उघडायला लावा, आणि लांबूनच बघा.

लेकीने भाड्यातल्या फरकाची मागणी कंपनीकडे केली होती. त्यावर सदिच्छा म्हणून काही माइल्स, म्हणजे पुढच्या तिकिटाला वापरायचे गुण, खात्यात जमा केल्याचा मेल आला. ते आम्ही घेतलेले नाहीत. सरकारच्या एअरसेवा या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली आहे. त्यावरचं उत्तर आणि या पत्राचं उत्तर वेगवेगळं द्यावं ही विनंती: तिथलं आमच्या पैशांबद्दल असेल, इथलं नियमाबद्दल हवं.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्लेम्स अधिकारी
डोंबिवली (पूर्व)